तिकीट नागपूरचं, उतरायचं मुंबईत : विमानाचा शेवटचा टप्पा सोडण्याचं गणित

मीटरडाऊन

सुट्ट्या जवळ आल्या की स्वस्त तिकिटांच्या प्रत्येक धाग्यावर एक प्रश्न ठरलेला. जायचंय मुंबईला, पण मुंबईमार्गे नागपूरला जाणारं तिकीट नुसत्या मुंबईच्या तिकिटापेक्षा स्वस्त दिसतंय. ते काढून मुंबईतच बाहेर पडलं तर? खाली दोनच प्रकारची उत्तरं येतात: "काही होत नाही, बिनधास्त करा" आणि "नाव काळ्या यादीत जातं". दोन्ही अर्धीच. या प्रकाराला हिडन सिटी किंवा स्किपलॅगिंग म्हणतात. ते जमतं कधी आणि फसतं कुठे, हे एकदा नीट लिहून ठेवू. करावं की करू नये यावर भांडायचं असेल तर तेही चालेल, पण आधी माहिती.

भाडं असं उलटं का असतं? कारण ते किलोमीटरवर ठरत नाही. 'कुठून कुठे' या जोडीवर ठरतं आणि प्रत्येक जोडी हा वेगळा बाजार असतो. अमेरिकेतलं उदाहरण घेतो, कारण हे प्रकरण खरं फोफावलं तिथेच. १९७८ च्या कायद्याने तिथली भाडी सरकारी नियंत्रणातून सुटली आणि पुढे कंपन्यांनी एकेक शहर हब म्हणून धरलं, म्हणजे आपली विमानं एकत्र येण्याचं मुख्य ठाणं. शार्लट हे अमेरिकन एअरलाइन्सचं. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलहून शार्लटला थेट जायचं तर याच कंपनीच्या दारात जावं लागतं, आणि ती त्याचे पैसे लावते. गेन्सव्हिल–न्यूयॉर्क या जोडीत मात्र डेल्टा अटलांटामार्गे समोर उभी असते, त्यामुळे शार्लटमार्गेचं भाडं खाली ठेवावं लागतं. दोन्ही प्रवासी शार्लटपर्यंत त्याच विमानात शेजारीशेजारी बसतात आणि लांब जाणारा कमी पैसे मोजतो.

याच मार्गावर जुलै २०२३ मध्ये एका किशोरवयीन मुलाला गेन्सव्हिललाच अडवलं होतं. तिकीट न्यूयॉर्कचं, उतरायचं शार्लटला. तिकीट रद्द झालं आणि घरच्यांना थेट शार्लटचं नवं काढावं लागलं. म्हणजे कारवाई होते ती नंतर पत्राने, असंच काही नाही.

खिडकीपाशी

म्हणजे कोकणकन्येचं मडगावपर्यंतचं तिकीट काढून कुडाळला उतरण्यातलाच प्रकार. त्यासाठी कोणी कोर्टात खेचत नाही.

तिकीटबाबू

वरून सारखा, आतून उलटा. रेल्वेचं भाडं अंतरावर. मडगाव कुडाळपेक्षा महागच पडणार, लोक ते काढतात कोट्यातली जागा मिळावी म्हणून. जास्तीचे पैसे भरून आधी उतरलात तर रेल्वे कशाला विचारेल?

विमानाशी साम्य शोधायचं तर ते दुसऱ्या टोकाला आहे. तिकीट सीएसएमटीपासूनचं आणि बोर्डिंग स्टेशन न बदलता पनवेलला चढायला गेलात, तर टीसीने 'आला नाही' अशी खूण करून सीट दुसऱ्याला दिलेली असू शकते. विमानात तेच होतं, पण कितीतरी कडकपणे.

ई-तिकिटाचा नंबर १३ आकडी असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर इंडिया ०९८, लुफ्तान्सा २२०, युनायटेड ०१६. त्या नंबरखाली प्रत्येक उड्डाणाचं एक कूपन असतं. जुन्या कागदी तिकिटाच्या पुस्तिकेतली पानं आठवा. २००८ मध्ये कागद गेला, रचना तीच राहिली. प्रत्येक कूपनाला स्थिती असते: ओपन (न वापरलेलं), चेक्ड-इन, लिफ्टेड (प्रवासी विमानात चढला), फ्लोन (उडून झालं). कूपनं क्रमानेच वापरायची हा नियम. मधलं एक कूपन न वापरता विमान सुटलं की ते नो-शो, म्हणजे 'प्रवासी आलाच नाही', होतं आणि त्यापुढच्या सगळ्या जागा सिस्टीम आपोआप सोडून देते. माणूस नंतर फोनवर गयावया करतो, पण तोवर जागा गेलेल्या असतात.

आता या धाग्याच्या शीर्षकातलंच तिकीट टेबलावर ठेवू. शिकागोचं कुटुंब, जाऊन-येऊन तिकीट:

१ शिकागो–फ्रँकफर्ट
२ फ्रँकफर्ट–मुंबई
३ मुंबई–नागपूर
४ नागपूर–मुंबई
५ मुंबई–फ्रँकफर्ट
६ फ्रँकफर्ट–शिकागो

लोक म्हणतात "शेवटचा टप्पा सोडला", आणि सोडतात तिसरा. तो जाण्याचा शेवटचा आहे, तिकिटाचा नाही. तिसरं कूपन सोडलं की ४, ५, ६ तिन्ही गेली. महिनाभराने सहार विमानतळावर चार बॅगा आणि दोन पोरं घेऊन उभं राहिल्यावर काउंटरवरची मुलगी सांगते की तुमचं बुकिंगच नाही. त्या दिवशीचं एकेरी तिकीट काय भावाने मिळतं ते इथे कोणाला सांगायला नको.

यात आणखी एक गैरसमज आहे. एका तिकीट नंबरात चारच कूपनं मावतात, म्हणून वरच्या प्रवासाला दोन नंबर येतात, पहिल्यात चार आणि दुसऱ्यात दोन. काहींना वाटतं की परतीचा नंबर वेगळा, म्हणजे तिकीट वेगळं. तसं नाही. ती जोडतिकिटं असतात, दोन्ही मिळून एकच करार. खरंच वेगळं म्हणजे वेगळ्या वेळी, वेगळे पैसे भरून, वेगळ्या पीएनआरवर काढलेलं.

सोडता येतं ते फक्त सहावं. शिकागोच्या माणसाला फ्रँकफर्टला राहायचं असेल तर वापरा म्हणावं!

जेटलॅग

वरचं सगळं पहिल्या पोस्टमध्ये ठळक करा. निम्मे अपघात याच एका गोष्टीचे असतात.

एक भर. मधल्या थांब्यावर चढायचंही जमत नाही. नागपूर–मुंबई–फ्रँकफर्ट असं तिकीट आणि माणूस मुंबईतच राहतो, म्हणून थेट मुंबईला चढू म्हणाल तर पहिलं कूपन नो-शो. सुरुवातीचा तुकडा कधीच सोडता येत नाही.

बॅगटॅग

सामानावर लिहितो, कारण वर कोणी त्याला हात लावलेला नाही.

चेक-इन केलेली बॅग तिकिटाच्या शेवटच्या शहराला जाते. टॅगवर मोठ्या अक्षरांत जो तीन अक्षरी कोड असतो तो शेवटच्या विमानतळाचा, मधल्याचा नाही. "बॅग मधेच द्या" ही मागणी काउंटरला कळते, त्याला शॉर्ट-चेक म्हणतात, पण तिकीट एकच आणि थांबा थोड्या वेळाचा असेल तर बहुतेक कंपन्या सरळ नाही म्हणतात. रात्रभराचा थांबा असेल तर कधीकधी देतात. त्यावर प्रवासाचा बेत आखू नका.

बॅग पुढे गेली आणि माणूस गेला नाही, हे वेगळंच दुखणं. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' पडलं ते अशाच बॅगेतल्या बॉम्बने. बॅग चढली होती, बॅगवाला चढला नव्हता. त्यानंतर प्रवासी आणि बॅग यांचा मेळ घालायचे नियम कडक झाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणात चेक-इन केलेला माणूस दारात आला नाही की त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागते. विमान तोवर उभं. तेव्हा चेक-इन बॅग टाकून मधे उतरणं हे नियमाच्या आधी अक्कलेच्या विरुद्ध आहे.

म्हणून सगळे सांगतात, फक्त केबिन बॅग. बरोबर, पण तीही हातातून जाऊ शकते. अमेरिकेत बोर्डिंग गटागटाने होतं. शेवटच्या गटांपर्यंत वरचे कप्पे भरतात आणि गेटवर "मोठ्या बॅगा इथे द्या" सुरू होतं. तिथे लागणारा टॅगही शेवटच्या शहराचाच. उपाय: पाठीवरची, सीटखाली सरकणारी सॅक घ्या. चाकांची बॅग न्यायचीच असेल तर बोर्डिंग लवकरच्या गटात हवं. युनायटेडच्या बेसिक इकॉनॉमीत, म्हणजे सगळ्यात स्वस्त भाड्यात, देशांतर्गत मार्गावर मोठी केबिन बॅग मुळात चालतच नाही. गेटवर पैसेही घेतात आणि बॅग पोटातही टाकतात.

छोट्या रीजनल जेटचा अपवाद आहे. त्यात वरच्या कप्प्यात चाकांची बॅग मावत नाही म्हणून विमानाच्या दाराशी टॅग लावून घेतात आणि उतरल्यावर तिथेच, विमानाला जोडलेल्या बोगद्यात (जेटब्रिजवर), परत देतात. ती पुढे जात नाही. बॅग कुठे मिळणार हे टॅगवर लिहिलेलं असतं. हातात घेऊन वाचा, गेटवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नका.

आपल्याकडे देशांतर्गत केबिन बॅगची मर्यादा साधारण ७ किलो आणि एकच नग. त्यात लाडू-चकल्यांचे डबे बसत नाहीत, एवढं सांगून थांबतो.

खिडकीपाशी

पण परदेशातून मुंबईत उतरल्यावर सामान कस्टम्ससाठी घ्यावंच लागतं ना? मग नागपूरच्या टॅगची बॅग मुंबईत पट्ट्यावर येणारच.

बॅगटॅग

येते. भारतात काय किंवा अमेरिकेत काय, बाहेरून आलात आणि पुढे देशांतर्गत विमान आहे, तर साधारणपणे पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, मग पट्टा, मग कस्टम्स आणि मग बॅग पुन्हा ट्रान्सफर काउंटरवर द्यायची. ती न देता बाहेर चालत गेलं की बॅग हातात. त्यामुळे याच दिशेच्या प्रवासात मोठ्या सामानासकट हे जमतं. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला उतरणाऱ्यांचंही तसंच.

पण 'साधारणपणे' हा शब्द वाचा. काही प्रवासांत बॅग थेट शेवटपर्यंत जाते आणि कस्टम्स तिथेच होतं. निघताना काउंटरवर "सामान मुंबईत घ्यायचं का?" एवढं विचारा. हा प्रश्न सगळेच विचारतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

आणि वरचं तिकीटबाबूंचं कोष्टक विसरू नका. बॅग मिळाली तरी परतीचं तिकीट मरतंच. हे फक्त एकेरी तिकिटात.

व्हिसावाली

आपल्या पासपोर्टवाल्यांसाठी निम्मा विषय इथेच संपतो. अमेरिकन ब्लॉग वाचून लोक ही युक्ती उचलतात आणि विसरतात की तो पासपोर्ट वेगळा आहे.

चेक-इनला कंपनी कागद तपासते ते तिकिटाच्या शेवटच्या देशाचे. त्यासाठी टायमॅटिक नावाची माहितीप्रणाली आहे. काउंटरवरचा माणूस पासपोर्टचा देश, शेवटचं ठिकाण आणि वाटेतले थांबे घालतो आणि हो-नाही उत्तर येतं. मुंबई–लंडन–न्यूयॉर्क तिकीट काढून लंडनला उतरायचं असेल तर अमेरिकेचा व्हिसा दाखवल्याशिवाय मुंबईतच चढू देणार नाहीत. चुकीच्या माणसाला नेलं तर दंड कंपनीला बसतो, त्यामुळे तिथे दयामाया नाही. उतरायला ब्रिटनचा व्हिसा लागेलच. म्हणजे जिथे जायचंच नाही त्या देशाचाही व्हिसा हवा. दोन्ही हाताशी असणारे लोक आहेत, पण थोडे.

दुसरी बाजू. थांब्याच्या शहरात 'ट्रान्झिटमध्ये बसायला व्हिसा लागत नाही' म्हणजे 'बाहेर पडायला लागत नाही' असं नव्हे. इमिग्रेशनवाला परतीचं किंवा पुढचं तिकीट मागतो. तुमच्या हातात जे पुढचं तिकीट आहे ते तुम्ही वापरणार नाही, आणि खोटं बोलायची जागा म्हणून इमिग्रेशनचं टेबल सगळ्यात वाईट.

भारतात परत येणाऱ्या भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआयवाल्यांना (परदेशी नागरिकत्व असलेले मूळचे भारतीय) ही अडचण नाही. म्हणून हा सगळा खेळ आपल्यासाठी मुख्यतः दोन ठिकाणी उरतो: अमेरिकेच्या आत, आणि परदेशातून भारताकडे एकेरी येताना.

मीटरडाऊन

परतीचं तिकीट आणि व्हिसा, हे वरचे दोन्ही मुद्दे सगळ्यांनी आधी वाचा. पुढचा मुद्दा गडबडीच्या दिवसाचा.

कंपनीचा करार 'गेन्सव्हिलहून न्यूयॉर्क' एवढाच असतो. शार्लट दाखवायचं वचन कोणी दिलेलं नाही. वादळ आलं, विमान बिघडलं, वेळापत्रक बदललं की ती तुम्हाला दुसऱ्या हबमार्गे पाठवू शकते, आणि तिच्या लेखी ती तुमच्यावर उपकारच करत असते. सगळ्यात गमतीची वेळ म्हणजे काउंटरवरचा भला माणूस हसून सांगतो, "तुमचं नशीब, थेट न्यूयॉर्कच्या विमानात जागा मिळाली." त्याला काय उत्तर देणार? "नको, मला शार्लट बघायचंय" हे एकदा चालेल. मुद्दाम सांगायचंच तर "शार्लटला थांब्यात माणूस भेटणार आहे, पहिलाच मार्ग ठेवा" एवढी विनंती करता येते. ऐकतील असं नाही.

परतावा मागाल तर तोही प्रश्न आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा २०२४ चा नियम असा: देशांतर्गत ३ तास आणि आंतरराष्ट्रीय ६ तास किंवा त्याहून जास्त फरक, निघण्याचं किंवा पोहोचण्याचं विमानतळ बदलणं, थांब्यांची संख्या वाढणं, यांना मोठा बदल मानतात आणि पैसे परत मागता येतात. नुसतं थांब्याचं शहर बदललं तर तो मोठा बदल धरला जातो फक्त अपंग प्रवाशांसाठी. बाकीच्यांना शार्लटऐवजी डॅलस दिलं आणि वेळ सांभाळली तर कंपनी नियमात बसते.

म्हणून तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं असेल तर पीएनआर आठवड्याला एकदा उघडून बघा. वेळापत्रकातले बदल तिथे गुपचूप येऊन बसतात. अमेरिकेसाठी सुटणारं किंवा तिथून निघणारं तिकीट थेट कंपनीकडून, प्रवासाच्या किमान ७ दिवस आधी काढलं असेल तर पहिल्या २४ तासांत फुकट रद्द करण्याची सोय असते. पण ती पहिल्या दिवसापुरती, नंतरच्या फेरबदलांना तिचा उपयोग नाही.

निवृत्तपायलट

कायद्याचं काय? हे गुन्हा आहे की नाही ते कोणी लिहिलंच नाही.

कलमबहाद्दर

गुन्हा नाही, करारभंग आहे. अमेरिकन, युनायटेड, डेल्टा यांच्या प्रवासकरारात हा प्रकार मना केलेला आहे. त्यांच्याकडची हत्यारं: उरलेलं तिकीट रद्द करणं, भाड्यातला फरक मागणं, माइल्स (प्रवासावर जमणारे बक्षिसाचे गुण) जप्त करणं, सदस्यत्व काढून घेणं. प्रत्यक्षात सगळ्यात सोपं आणि सगळ्यात बोचणारं म्हणजे माइल्स. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही, योजनेच्या नियमातच लिहिलेलं असतं की खातं आमच्या मर्जीवर.

कोर्टातली प्रकरणं लोक अर्धी सांगतात, म्हणून नीट. स्किपलॅग्ड हे अशी तिकिटं शोधून देणारं संकेतस्थळ अकतारेर झमान या तरुणाने काढलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये युनायटेड आणि तिकिटं विकणाऱ्या ऑर्बिट्झ संकेतस्थळाने शिकागोत दावा लावला. ऑर्बिट्झने तडजोड केली आणि युनायटेडचा दावा २०१५ मध्ये निघाला, पण तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. 'युक्ती कायदेशीर आहे' असं त्या कोर्टाने म्हटलेलं नाही. पुढे अमेरिकन एअरलाइन्सने २०२३ मध्ये टेक्सासात दावा लावला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्यूरीने ९४ लाख डॉलर द्यायला सांगितले. तोही कंपनीचा लोगो वापरल्याच्या स्वामित्वहक्कावरून. म्हणजे एकाने 'जिंकले' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'हरले', आणि मूळ प्रश्नाला दोन्हीकडे कोणी हात लावलेला नाही.

प्रवाशावर थेट दावा बघायचा तर जर्मनीतला. ऑस्लो–फ्रँकफर्ट–सिअॅटल आणि परत असं तिकीट. प्रवासी परतताना फ्रँकफर्टला उतरला आणि वेगळ्या तिकिटावर बर्लिनला गेला. लुफ्तान्साने २,११२ युरो मागितले. बर्लिनच्या कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये दावा फेटाळला, कारण फरक कसा काढणार हे अटींमध्ये ग्राहकाला कळेल असं मांडलेलं नव्हतं. अट स्पष्ट लिहिली असती तर काय झालं असतं हा वेगळा प्रश्न. त्याच वर्षी स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या इबेरिया विमानकंपनीचं, जाण्याचा टप्पा चुकला म्हणून परतीचा रद्द करण्याचं कलम अन्यायकारक ठरवलं. युरोपातले निकाल सांगून मुंबईच्या काउंटरवर भांडायला जाऊ नका.

तिकीटबाबू

आमच्या तिकीट एजंटांच्या बाजूची गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो. तिकीट एजंटाकडून काढलं आणि कंपनीला हा प्रकार दिसला, तर ती एजंटाला डेबिट मेमो, म्हणजे वसुलीची चिठ्ठी, पाठवते. भाड्यातला फरक एजंटाच्या खात्यातून वळता. गिऱ्हाईक तोवर घरी पोहोचलेलं असतं. म्हणून एजंटाला "मधेच उतरणार आहे" असं सांगून तिकीट मागू नका, तो शहाणा असेल तर देणारच नाही. आणि न सांगता त्याच्याकडून काढणं हे त्याच्या पोटावर पाय आणणं आहे. ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कलाही हेच लागू.

थोडं अवांतर: मैलांवर आधारलेल्या जुन्या आंतरराष्ट्रीय भाड्यांत 'हायर इंटरमीजिएट पॉइंट' नावाची तपासणी असते. वाटेत ज्या गावी मुक्काम केला त्याचं भाडं शेवटच्या गावापेक्षा जास्त असेल तर ते वरचं भाडं धरायचं. म्हणजे हे भोक आहे हे कंपन्यांना केव्हापासून ठाऊक आहे! आता बहुतेक भाडी ठरलेल्या मार्गाची असतात, तिथे ही तपासणी लागत नाही, म्हणून भोक उघडं.

खिडकीपाशी

तरीही मला यात चूक दिसत नाही. पैसे भरलेत, जागा माझी, बसलो नाही तर कंपनीचं पेट्रोल वाचलं. कंपन्या स्वतः जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात तेव्हा नीती कुठे जाते?

निवृत्तपायलट

ओव्हरबुकिंगचा मुद्दा मान्य. पण सुटताना काय होतं ते बघा. पहिल्याच विमानतळावर दोन्ही बोर्डिंग पास निघतात, म्हणजे पुढच्या विमानासाठी तुम्ही चेक्ड-इन आहात. गेटवर तुमची वाट बघतात, नावाचा पुकारा होतो, बॅग असेल तर ती काढतात. आपल्याकडे गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, तोवर तुमची जागा वेटिंगवरच्या कोणाला देता येत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे विमान तेच पुढे जाणार असतं तेव्हा. मधल्या थांब्यावर पुढच्या प्रवाशांना आतच बसवतात, डोकी मोजतात, वरच्या कप्प्यातली प्रत्येक बॅग कोणाची ते विचारतात. समजा यादीत ३१, आत ३०. मग तो एक गेला कुठे आणि काही ठेवून तर गेला नाही ना, हे कळेपर्यंत विमान हलत नाही. अशा उड्डाणात हे कधीच करू नका. तिकिटावर दोन्ही टप्प्यांना एकच उड्डाण क्रमांक असेल तर ओळखा.

जेटलॅग

मग उतरल्यावर कंपनीला कळवून टाकावं का?

कलमबहाद्दर

सभ्यपणा म्हणतो कळवा, करार म्हणतो कळवलंत की फरक मागू. मधला मार्ग नाही. माझं मत: ज्याला कळवायची लाज वाटते त्याने हे करू नये. पण हे मत आहे, नियम नाही.

हां, एक हावरटपणा मात्र टाळा. भारतीय कंपन्यांनी नो-शो झालेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफसारखी (विमानतळ वापराची) शुल्कं परत द्यावीत असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे. सरळ माणसाने ती जरूर मागावीत, लोक विसरतात. पण टप्पा मुद्दाम सोडून वर त्याचे चारशे रुपये मागायला अर्ज केलात, तर हिशेब करायला कोणीतरी तुमचं तिकीट उघडणार, आणि वापरलेल्या भागाचं खरं भाडं काढून बघणार. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, इथे चोर स्वतःच कंदील घेऊन जातो.

मीटरडाऊन

हिशेब. आकडे निव्वळ समजण्यासाठी. थेट तिकीट ३४० डॉलर, पुढच्या शहराचं २१०. बचत १३० दिसते. आता थेट तिकिटावर चेक-इन बॅग नेता आली असती, ती गेली. माइल्स नंबर घालायचा नाही, तेही गेले. मार्ग बदलला तर आयत्या वेळचं एकेरी तिकीट ३००-४०० ला. दहात एकदाही असं झालं तरी दर फेरीला तीस-चाळीस डॉलर मनातून वजा करा. उरले नव्वद-शंभर. ३० डॉलरच्या फरकासाठी हे करणाऱ्यांना गणित येत नाही एवढंच म्हणेन. आणि दर महिन्याला त्याच मार्गावर, त्याच नावाने शेवटचं कूपन सोडलं तर ते शोधायला यंत्राला एक चाळणी पुरते.

तिकीटबाबू

ज्यांना खरंच मुंबई आणि नागपूर दोन्ही हवंय त्यांच्यासाठी सरळ रस्ते आहेत, लोक विचारतच नाहीत.

मल्टी-सिटीत 'शिकागो ते मुंबई, नागपूर ते शिकागो' असं टाका. याला ओपन जॉ म्हणतात. मधलं मुंबई–नागपूर तुम्ही दुरांतोने जा नाहीतर समृद्धीने, कंपनीला देणंघेणं नाही. भाडं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या भाड्याची बेरीज येतं, दोन एकेरी तिकिटांपेक्षा बरंच कमी.

मुंबईत चार दिवस थांबायचं असेल तर स्टॉपओव्हर घ्या. आंतरराष्ट्रीय तिकिटात २४ तासांपर्यंतचा थांबा कनेक्शन, त्यापुढे स्टॉपओव्हर. अमेरिकेच्या आत ही रेषा ४ तासांची. काही भाड्यांत एक स्टॉपओव्हर फुकट असतो, काहींत पैसे पडतात, काहींत चालतच नाही. भाड्याच्या नियमात बघा.

आणि तिकीट काढून झालंय, आता नागपूरला जायचं नाही, असं असेल तर निघण्याच्या आधी फोन करून तिसरं-चौथं कूपन काढून टाकायला सांगा. फरक आणि बदलाचं शुल्क लागेल, पण परतीचं तिकीट जिवंत राहील. कधीकधी फरक शून्य निघतो. विचारायला पैसे पडत नाहीत.

व्हिसावाली

शेवटचा प्रश्न, बऱ्याच जणांना पडतो. एका पीएनआरवर चौघं, त्यातला एकच मुंबईत उतरणार, बाकीचे नागपूरला. बाकीच्यांना त्रास होतो का?

तिकीटबाबू

तिकीट नंबर प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे नो-शो एकाचाच होतो आणि परतीचं फक्त त्याचंच मरतं. पण पीएनआर एकच असला की सिस्टीमची कात्री कधीकधी सगळ्यांवर चालते, आणि ते लक्षात येतं थेट परतीच्या दिवशी. म्हणून निघण्याच्या आधीच कंपनीला सांगून पीएनआर वेगळा करून घ्या, त्याला स्प्लिट म्हणतात, फुकट होतं. नवा पीएनआर सहा अक्षरांचा मिळेल, तिकीट नंबर तेच राहतील. त्या एकाचं मधलं कूपन त्याच फोनवर रीतसर काढून घ्या. बॅगा प्रत्येकाच्या नावावर वेगळ्या करा. चौघांच्या मिळून आठ बॅगा एकाच्या नावावर टॅग झाल्या आणि तोच मुंबईत उतरला, तर नागपूरच्या पट्ट्यावर बाकीचे तिघं रिकामे उभे.